भिंतीवरच्या कागदाची तारीख

(बेळगावातील छोट्या दुकानदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आम्हांस बोलावलेत तेव्हा आम्ही नेहमीच्या विषयावर, नेहमीच्या आवेशाने बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ती आज आम्ही पुरी करणार नाही. आज आम्ही अत्यंत रुक्ष विषय घेऊन आलो आहोत. आपल्या दुकानात गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला असतो. उदबत्तीच्या धुराने तो पिवळा पडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्या कागदावर एक तारीख असते. आपला परवाना कोणत्या दिवशी संपतो, हे घरी न जाता, येथे बसल्या बसल्या आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करा, असे आम्ही म्हणत नाही. कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी आम्हांस विचारला असता, तर आमचाही हात खालीच राहिला असता.

ती हकीकत आधी सांगतो. उपदेश करणाऱ्याने आपली चूक प्रथम सांगावी, हे बरे. आम्ही एका वॉर्डातील गटारांच्या कामांवर लेखमाला चालविली होती. तिचे तीन भाग छापून झाले. चौथ्या भागात हिशेबाचे आकडे यावयाचे होते. त्याच आठवड्यात एका कचेरीतील निरीक्षक आमच्या छापखान्यात आले. लेखाचा त्यांनी शब्दानेही उल्लेख केला नाही. चहा घेतला, भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "साहेब, हा परवाना तर चार महिन्यांपूर्वीच संपला ना?" आम्ही पाहिले. खरोखरच संपला होता! ते का आले, हे आम्हांस ठाऊक होते आणि आम्हांस ते ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु बोलावयास आमच्यापाशी तोंडच उरले नव्हते. दंड भरून नूतनीकरण करून घेण्यास तीन आठवडे लागले. आणि त्या तीन आठवड्यांत लेखमालेचा चौथा भाग आम्ही छापला नाही. तो कोणी थांबविला नव्हता. आम्हीच थांबविला होता. त्या चार महिन्यांच्या विसराळूपणाची खरी किंमत दंडाच्या पावतीवर लिहिलेली नाही, ती ही आहे.

म्हणून आम्ही हे बोलावयास उभे आहोत. ज्याला ताठ मानेने बोलावयाचे आहे, त्याचे कागद ताठ असले पाहिजेत.

येथे आमचा एखादा तरुण कार्यकर्ता उठून म्हणेल की, ज्या राज्याशी आमचे भांडण १ नोव्हेंबर १९५६ पासून चालू आहे, त्या राज्याच्या परवान्याची एवढी पत्रास कशाला? प्रश्न तडफदार आहे, परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. सत्याग्रह जाहीर करून केला जातो. १९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला तो आधी व्हाइसरॉयला पत्र लिहून, दिवस ठरवून आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून. परवान्याची तारीख विसरणारा दुकानदार यांपैकी काय करतो? तो काही जाहीर करीत नाही, कोणाला कळवीत नाही, आणि निरीक्षक दारात आला की शटर अर्धे खाली ओढतो. विसराळूपणाला सत्याग्रहाचे नाव देता येत नाही. शिवाय परवाना घेतल्याने कोणाचा हक्क सोडला, असे होत नाही. आपण ज्या नगरात राहतो तेथला घरफाळा आणि पाणीपट्टी आपण भरतोच. तेव्हा ही शंका येथेच मिटवून कामाच्या गोष्टीकडे वळू.

दुकानाचा परवाना हा एक कागद आहे, असे आपण समजतो. वस्तुतः ते चार-पाच निरनिराळ्या कचेऱ्यांचे कागद असतात आणि प्रत्येकाचे पंचांग वेगळे असते. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

पहिला कागद महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना. हा बहुधा आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, म्हणजे ३१ मार्चला त्याचे आयुष्य सरते. मार्च महिना हा हिशेबाचा, वसुलीचा आणि पुढे लग्नसराईच्या खरेदीचा. त्या गर्दीत परवाना मागे पडतो आणि एप्रिलच्या मध्यावर आठवतो, तोवर दंडाचा काटा फिरू लागलेला असतो. दुसरा कागद १९६१ च्या दुकाने व वाणिज्य संस्था कायद्याखालचा, कामगार खात्याचा नोंदणी दाखला. त्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा! दरसाल येणारी गोष्ट माणूस कुरकुरत का होईना, लक्षात ठेवतो. पाच वर्षांनी येणारी गोष्ट हमखास विसरतो.

तिसरी गोष्ट कागदाची नव्हे, तागडीची. वजनेमापे खात्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे साधी वजने, मापे, गज आणि दांडीची तागडी यांची तपासणी दर चोवीस महिन्यांनी व्हावयास हवी, परंतु विजेवर चालणाऱ्या काट्याची दर बारा महिन्यांनी. रविवार पेठेतील पुष्कळ दुकानदारांनी जुनी तागडी जाऊन विजेचा काटा आणला, परंतु डोक्यातली मुदत मात्र जुन्या तागडीचीच ठेवली. काटा अचूक आहे, गिऱ्हाईक समाधानी आहे, तोळ्याचाही फरक नाही. तरीही शिक्का जुना असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो काटा खोटा ठरतो. प्रामाणिक माणसाने केवळ शिक्क्यावाचून खोटे ठरावे, याहून वाईट काय?

चौथा कागद खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचा. कुंदा करणारा हलवाई, खानावळ, चहाचे दुकान, घरी मसाले कुटून विकणारी भगिनी, या सर्वांना २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा क्रमांक चौदा आकडी असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो गिऱ्हाइकाच्या बिलावर छापणे बंधनकारक झाले. २०११ च्या नियमावलीने वर्षाला बारा लाखांच्या उलाढालीपर्यंत साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी रेषा आखली. परंतु अशा रेषा, फी आणि मुदती सरकार वेळोवेळी बदलीत असते. म्हणून मागल्या खेपेस काय होते, यावर विसंबू नका. दर नूतनीकरणापूर्वी चालू नियम पुन्हा पाहावा. शेजाऱ्याने सांगितले म्हणून केले, ही सबब कोणत्याही कचेरीत चालत नाही.

पाचवी गोष्ट वस्तू व सेवा कराची, आणि ती आपणां सीमेवरच्या लोकांना इतरांहून अधिक लागू आहे. वर्षाला चाळीस लाखांच्या आत माल विकणाऱ्यास नोंदणीची सक्ती नाही, हे सर्वांना पाठ आहे. परंतु त्याच कायद्याचे चोविसावे कलम फार थोड्यांनी वाचलेले आहे. करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकून पाठविला, तर हातमागाच्या व हस्तकलेच्या मालासारखे काही अपवाद वगळता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची आहे. पुण्याचा हलवाई कोल्हापूरला पेढे पाठवितो तेव्हा त्याला हा प्रश्न पडत नाही. बेळगावचा हलवाई कोल्हापूरच्या दुकानाला कुंद्याचे खोके पाठवितो तेव्हा पडतो. शिनोळी येथून हाकेच्या अंतरावर, बोली तीच, सोयरीक तीच. परंतु करखात्याच्या नकाशात ते परराज्य आहे! तसेच ज्यांनी ठोक कराची, म्हणजे कॉम्पोझिशनची, सवलत घेतली आहे, त्यांना परराज्यात माल विकताच येत नाही. आणि नोंदणी घेतली, तर विवरणपत्रे भरीत राहिले पाहिजे. धंदा शून्य असला तरी शून्याचे पत्रक द्यावे लागते. सहा महिने सतत पत्रक दिले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. ती पुन्हा उभी करण्याची खटपट मूळ नोंदणीहून दसपट त्रासाची असते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना विचारा.

याच्या उलट एक सांगतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती फुकट आहे आणि तिला नूतनीकरण नाही. तरीसुद्धा "तुमचे उद्यम संपले आहे, दोन हजार रुपये पाठवा" असे दूरध्वनी करणारे भामटे फिरत असतात आणि भोळे दुकानदार पैसे पाठवितात. कोणता कागद संपतो हे जसे ठाऊक हवे, तसेच कोणता संपत नाही हेही ठाऊक हवे. आणि आमच्या हातगाडीवाल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे की, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना विक्रीच्या प्रमाणपत्राचा हक्क दिला आहे. त्या कायद्याखालच्या नगर समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असेही त्यात लिहिले आहे. त्यांनी पोलिसाच्या हातावर रोज काही ठेवण्यापेक्षा आपली नोंद झाली आहे की नाही, हे एकदा पाहावे.

आता आणखी एक नाजूक गोष्ट. तारीख शिल्लक असूनही परवाना आतून पोकळ झालेला असतो, असे अनेकदा घडते. दुकान रस्तारुंदीत गेले म्हणून पलीकडच्या गल्लीत थाटले. परवाना जुन्या पत्त्यावर. किराणा विकता विकता गिरणी बसविली. परवान्यात गिरणी नाही. भाऊ वेगळे झाले. परवाना दोघांच्या नावे. आणि सर्वांत दुःखाचा प्रकार म्हणजे वडील वारले आणि परवाना मात्र त्यांच्याच नावाने चालू राहिला.

शहापुरातील एका मावशींची गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. यजमान गेले. त्यांनी खानावळ एक दिवसही बंद ठेवली नाही, कारण दहा-बारा विद्यार्थ्यांचे डबे त्यांच्यावर अवलंबून होते. दोन वर्षांनी त्या कर्ज मागावयास बँकेत गेल्या, तेव्हा कळले की कागदोपत्री खानावळ त्यांची नाहीच! सर्व काही एका दिवंगत माणसाच्या नावे होते. अन्नपरवान्याच्या नियमांत वारसाला परवाना पुढे चालविण्यास मृत्यूनंतर नव्वद दिवसांची सवड दिली होती, परंतु ती गोष्ट त्यांना त्या नव्वद दिवसांत कोणी सांगितली नाही. तेराव्याला घर भरले होते. भेटावयास आम्हीही गेलो होतो. आमच्यापैकी एकानेही, "वहिनी, परवान्याचे काय?" असे विचारले नाही, कारण ते बोलणे त्या वेळी अशुभ वाटले. बंधूंनो, त्या घरात त्या दिवशी तेच बोलणे सर्वांत उपयोगी होते. पुढे त्यांना पुन्हा पहिल्यापासून सर्व नोंदण्या कराव्या लागल्या.

तितकाच फसवा प्रकार एजंटाचा. नोंदणी आता संगणकावर होते आणि तेथे एक दूरध्वनी क्रमांक द्यावा लागतो. पुष्कळ एजंट स्वतःचा क्रमांक देतात. मग मुदत संपत आल्याची सूचना जाते ती एजंटाला. तो गावी गेला, त्याने क्रमांक बदलला किंवा त्याच्याशी आपले बिनसले, की आपल्याच परवान्याचे कुलूप आपल्याला उघडत नाही. एजंट ठेवू नका, असे आम्ही म्हणत नाही. परंतु क्रमांक आपला असू द्या आणि किल्लीशब्द आपल्या वहीत असू द्या.

ही वही कशी असावी, ते सांगतो. शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक कागदाला एक पान. पानावर परवान्याचे नाव, क्रमांक, कोणाच्या नावे, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या धंद्यासाठी, कोणत्या कचेरीचा, केव्हा घेतला, केव्हा संपतो आणि मागल्या खेपेस किती पैसे भरले, एवढे लिहावे. पावती त्याच पानाला टाचावी. वहीच्या पहिल्या पानावर बारा महिने लिहून, प्रत्येक महिन्यापुढे त्यात संपणारे कागद मांडावेत. मात्र संपण्याची तारीख त्यावर न लिहिता, तिच्या साठ दिवस आधीची तारीख लिहावी, कारण ती कामाची तारीख आहे. अर्ज अपुरा म्हणून परत येतो, संगणक बंद असतो, साहेब रजेवर असतात. या सर्वांना साठ दिवस पुरतात, दोन दिवस पुरत नाहीत. मूळ कागद भिंतीवर, एक प्रत दुकानात, एक घरी. दसऱ्याला आपण वह्यांची पूजा करतो, दिवाळीला लक्ष्मीपूजनात नवी खातेवही मांडतो. तिच्या शेजारी ही वहीही मांडावी आणि त्या दिवशी ती एकदा वाचून काढावी. लक्ष्मी त्याने रागावणार नाही.

आता भाषेविषयी थोडे, कारण त्यावाचून हा विषय बेळगावात पुरा होत नाही. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये असतो. आपल्यातील वयस्कर दुकानदार तो वाचू शकत नाहीत आणि "येथे सही करा" म्हटले की करतात. आम्ही निक्षून सांगतो की, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. शेजारच्या कन्नड दुकानदाराकडून वाचून घ्यावा. तो नाही म्हणणार नाही. त्याचाही काटा तोच आणि निरीक्षकही तोच. नामफलकाविषयी म्हणाल, तर २०२४ च्या दुरुस्तीने फलकावर साठ टक्के कन्नड आणि तीही वरच्या भागात, असा नियम केला आहे. त्याविषयी आमचे मत काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको आणि ते आम्ही योग्य त्या व्यासपीठावर मांडीत राहूच. परंतु कायदा आहे तोवर फलकाच्या निमित्ताने कोणाला आपल्या दुकानात शिरकाव मिळू नये. उरलेल्या जागेत आपली मराठी स्वच्छ आणि शुद्ध लिहावी. ती अशुद्ध लिहिण्याची सक्ती तर कोणी केलेली नाही!

आणि आपल्या बाजूला काय आहे, तेही जाणून घ्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने, गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्यास देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. परवान्याचा अर्ज हे गाऱ्हाणे नव्हे. परंतु अर्ज विनाकारण अडविला, तर त्याविरुद्धचे निवेदन आपण मराठीत देऊ शकतो आणि ते घ्यावेच लागते. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे १९५६ च्या केंद्रीय निवेदनात म्हटले आहे. परवान्याच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना दुकानदाराला कोणती? ही मागणी आपण करू शकतो. तसेच कर्नाटकाच्या २०११ च्या सेवाहमी कायद्यात, म्हणजे 'सकाल' योजनेत, येणाऱ्या सेवेचा अर्ज दिल्यावर क्रमांकासह पोच मिळते. ठरल्या मुदतीत काम झाले नाही, तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु ती अधिकाऱ्याच्या नावावर लागते, हे क्षुल्लक नाही. ही सर्व हत्यारे एका अटीवर चालतात. आपला अर्ज वेळेत गेलेला असला पाहिजे. ज्याने स्वतः चार महिने उशीर केला, त्याने चार दिवसांच्या उशिराची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

शेवटी एक विनंती. हे काम एकट्या-दुकट्याने करावयाचे नव्हे. प्रत्येक गल्लीतील दोन शिकलेल्या तरुणांनी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा यासाठी द्यावा. दुकानोदुकानी जावे, भिंतीवरचा कागद खाली उतरवावा, तारीख वाचावी, नाव, पत्ता व धंदा जुळतो का पाहावे, आणि वहीत मांडून द्यावे. गणेशोत्सवात वर्गणीसाठी जसे प्रत्येक उंबरठ्यावर जाता, तसेच जावे. आणि एखाद्या घरी वडीलधारे माणूस गेले, तर सांत्वनाला जाताना, महिना उलटण्यापूर्वी, हा प्रश्न हळुवारपणे विचारावा. मावशींना आम्ही जो विचारला नाही, तो.

आमच्या लेखमालेचा चौथा भाग पुढे छापून आला, पण तीन आठवडे उशिरा. त्या उशिराबद्दल आम्ही वाचकांची क्षमा तेव्हा मागितली नव्हती. ती आज येथे मागतो. आता आमच्या छापखान्यातील चौकटीची काच दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पुसली जाते. ती पुसणारा आमचा शिपाई तारीख मोठ्याने वाचतो आणि आम्ही ती ऐकतो. आज घरी गेल्यावर आपणही एवढेच करा. चौकट खाली उतरवा, काच पुसा आणि तारीख वाचा.